बारीक पट्टा, रुंद पट्टा

रविवार, ३ नोव्हेंबर १९७४

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं सिद्धेश्वराच्या तळ्यावर जायचो. वाटेत भाजक्या शेंगांचा पुडा घ्यायचा. मी दाणे तळहातावर चोळून हात ह्यांच्या तोंडापुढे धरायची आणि हे एक फुंकर मारायचे. सगळी लाल सालं एका दमात पाण्याकडे उडून जायची, दाणा एकही हलायचा नाही. ‘कार्डिंग मास्तरची फुंकर आहे,’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी गिरणीतून आले की मात्र छाती धरून ओट्यावर बसायचे, चहासुद्धा तसाच निवायचा. मी चिडवायची, ‘तुम्हाला सोमवार सोसत नाही, माझ्या पाचवीतल्या मुलींसारखं.’ हसायचे, आणि हसताना खोकला यायचा.

ह्यांना जाऊन तेरा वर्षं झाली. दमा त्यांच्या घराण्यातच होता, असं सासूबाई सांगत.

आज हे आठवायचं कारण पंचाक्षरी. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, आता डॉक्टर आहे. गिरणीच्या कार्डिंग खात्यातल्या, म्हणजे जिथे कापूस पिंजून त्याचा पेळू करतात तिथल्या, कामगारांच्या छात्या तो तपासणार आहे. ज्यांची छाती बिघडलेली निघेल त्यांना त्याच पगारावर गोदामात किंवा घडी खात्यात हलवायला गिरणीचे लेबर ऑफिसर कबूल झालेत. पण बिघडलेली कुठली आणि धड कुठली, हे ठरवायचं गणित कुणी करायचं?

“मावशी, तू तेहेतीस वर्षं गणित शिकवलंस. मे महिन्यापासून रिकामी बसलीयस.”

“मी लसावि-मसावि शिकवला रे. तुझं हे पुस्तक निराळंच आहे.”

“इंग्रजीत आहे. तुला काय अवघड?”

पुस्तक ठेवून गेला. उजव्या डोळ्याला अक्षरं धुक्यातली दिसतात. मोतीबिंदू पिकत आलाय, जानेवारीत मिरजेला जायचंय. तोवर होईल तेवढं करावं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आधी कापसाची धूळ न खाणारे लोक मोजायचे, असं ठरलं. धड माणसाची फुंकर किती असते हे कळल्याशिवाय बिघडलेल्याची कशी कळणार? कचेरीतले कारकून, शाळामास्तर, मार्केट यार्डातले काही हमाल, असे चौऱ्याऐंशी पुरुष. यंत्र म्हणजे पाण्यात उपडा तरंगणारा डबा. नळीत जोरात फुंकलं की डबा वर चढतो आणि पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडली ते कागदावर उमटतं. लोकांनी त्याचं नाव ‘फुंकणी’ ठेवलंय.

आज येडू नावाचा हमाल आला होता. खुजा, पस्तिशीचा, मान खांद्यात गेलेली. फुंकून झाल्यावर विचारतो, “बाई, चूल पेटली का न्हाई?”

“पेटली. दोन पूर्णांक पंचावन्न.”

“म्हंजे पास का नापास?”

मी म्हटलं, अजून पासाची रेघ आखलेली नाही.

“मग आखा की. मी थांबतो,” म्हणाला आणि खरंच बाकावर बसला. पंचाक्षरीने त्याला चहा पाजून घालवला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दिवाळीचे चार दिवस सोडले तर रोज बेरजा. पंचाक्षरीने हाताने फिरवायचं गणकयंत्र मिळवून दिलंय. त्याचा दांडा फिरवताना नागम्मा हसते. नागम्मा माझ्याकडे भाकऱ्या करायला येते. “अक्का, हे तर शेवयाचं यंत्र,” म्हणते.

आज रेघ आली. उंची एक सेंटिमीटर वाढली की फुंकर किती वाढते आणि वय एक वर्षाने वाढलं की किती उतरते, हे चौऱ्याऐंशी माणसांनी मिळून सांगितलं. आता कुणाचीही उंची आणि वय घातलं की अपेक्षित आकडा निघतो. एकशे सत्तर सेंटिमीटर, वय त्रेचाळीस: तीन पूर्णांक दहा. माणूस न बघता त्याचा श्वास सांगता येतो. मला जरा गर्वच झाला.

अपेक्षित आकड्याच्या खालीवर थोडी सूट ठेवावी लागते, तोच पट्टा. पुस्तकात पाठोपाठच्या पानांवर दोन पट्ट्यांची सूत्रं आहेत. पहिलं घेतलं. त्याने पट्टा किती सुबक येतो! बारा शतांश वर, बारा शतांश खाली. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बिआट्रिस वहीचा समास पट्टीने मोजायच्या. त्यांनी ह्या पट्ट्यावर बोट फिरवून ‘गुड गर्ल’ म्हटलं असतं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

कार्डिंग खात्याचे शहाण्णव कामगार चार दिवसांत उरकले. नागम्माचा नवरा बसलिंगप्पाही त्यात होता. उंची एकशे सत्तर, वय त्रेचाळीस, अगदी माझ्या उदाहरणातला माणूस. छाती अशी की सदऱ्याची बटणं ओढलेली. गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराची काठी पेलणाऱ्यांतला आहे. तीस फुटी नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर उभा धरून चालायचं. वीस वर्षं पेलतोय. दर रविवारी सराव असतो.

“शरणार्थ अक्का. जोरात फुंकू का हळू? डबा फुटला तर माझ्या नावावर टाकू नका.”

डबा फुटला नाही. दोन पूर्णांक शेहेचाळीस.

तो कागदाकडे बघत म्हणाला, “आणिक एकदा.” पुन्हा फुंकलं. दोन पूर्णांक बेचाळीस.

बुधवार, २७ नोव्हेंबर

शहाण्णवपैकी एकसष्टजण पट्ट्याच्या खाली आले. पंचाक्षरी घरी आला होता. मी नावं वाचली, त्याने खुणा केल्या. त्याचा चेहरा उजळला होता. “एकसष्ट! मावशी, तीनात दोन. आता बघतो कोण म्हणतं कार्डिंगमध्ये काही होत नाही.”

बसलिंगप्पाचं नाव चोविसावं आलं. नागम्मा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

बसलिंगप्पा सकाळीच आला. चपला काढल्या, पण बसला नाही.

“अक्का, तुमी माझं नाव दमेकऱ्यात घातलंय म्हणं.”

“दमेकरी असं नाही लिहिलेलं. अपेक्षेपेक्षा कमी, एवढंच.”

“कुणाच्या अपेक्षेपेक्षा?”

मी म्हटलं, तुझ्या उंचीच्या आणि वयाच्या धड माणसाची जेवढी असते त्यापेक्षा.

“त्या धड माणसाला बोलवा की हितं. माझ्यासंगं काठी पेलून दाखव म्हणा!” मग आवाज खाली आणला. “गड्डा दीड म्हैन्यावर आलाय. हे नाव गिरणीत लागलं की संध्याकाळी आमच्या बाळीवेशीत घरोघर कळतंय. दम लागणाऱ्याच्या हातात काठी कोण देतंय, सांगा. नाव काढा, अक्का.”

मी म्हटलं, आकडा माझा नाही, यंत्राचा आहे. हे उत्तर मला स्वतःलाच आवडलं नाही.

तो गेल्यावर नागम्मा आली. “काढू नका,” एवढंच म्हणाली.

रविवार, १ डिसेंबर

दुपारी नागम्मा हट्टाला पेटली, माझा पण आकडा सांगा. मी सांगितलं, रेघ पुरुषांची आहे, तिच्यात तुला घालता येत नाही.

“अय्यो! श्वास घ्यायला पण गडीमाणूसच पाहिजे?”

“तसं नाही गं. ज्यांना मोजलं त्यांच्यासारख्यांचंच सांगता येतं.”

“आणि तुमचा?”

“माझाही नाही. बाई म्हणूनही नाही आणि अठ्ठावन्नच्या पुढची म्हणूनही नाही. त्याच्या पुढचा एकही कारकून आम्ही मोजलेला नाही.”

तिला गंमत वाटावी म्हणून आलेखाचा कागद पसरला. रेघ दाखवली, पट्टा दाखवला. हा ठिपका बसलिंगप्पाचा, खाली. आणि धड माणसं दाखवायची म्हणून त्यांचेही ठिपके घालायला घेतले. आजवर घातलेच नव्हते. रेघ त्यांच्यापासूनच काढली, मग पुन्हा काय घालायचे, असं वाटलं होतं.

येडूचा अपेक्षित आकडा तीन पूर्णांक दोन शतांश. बारीक पट्ट्याची खालची कड दोन पूर्णांक नव्वद. त्याची फुंकर दोन पूर्णांक पंचावन्न. म्हणजे शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढणारा येडू माझ्या हिशेबाने आजारी! मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. एक डोळा झाकून सगळे चौऱ्याऐंशी घातले. पट्ट्याच्या आत आले अठरा. बाकीचे धड लोक निम्मे वर, निम्मे खाली, पाऊस पडून गेल्यावर कोंबड्यांचे पाय उमटावेत तसे कागदभर.

पुस्तक पुन्हा उघडलं. मी घेतलेला पट्टा सरासरीचा होता. ह्या उंचीच्या, ह्या वयाच्या पुष्कळ माणसांची सरासरी कुठे असेल, तेवढंच तो सांगतो. एका माणसाचा आकडा कुठे पडेल, त्याचा पट्टा पुढच्या पानावर होता. खालीवर बारा शतांश नव्हे, नव्वद शतांश. बसलिंगप्पासाठी दोन पूर्णांक वीसपासून चार लिटरपर्यंत. इतका रुंद की त्यात जवळजवळ सगळं गाव मावतं. म्हणूनच बहुधा मी ते पान नीट वाचलं नव्हतं.

सोमवार, २ डिसेंबर

पंचाक्षरीला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

“आणखी हजार कारकून मोजले तर हा पट्टा बारीक होईल ना?” त्याने विचारलं.

“पहिला होईल. सरासरी आणखी नेमकी कळेल. दुसरा जवळजवळ तेवढाच राहील. माणसं एकमेकांपासून जेवढी वेगळी आहेत तेवढी आहेतच, ती मोजून जवळ येत नाहीत.”

“रुंद पट्ट्याने किती खाली येतात?”

“नऊ.”

त्याने जुनी यादी पुढे ओढली. मग म्हणाला, “एकसष्ट राहू दे.”

“चूक आहे ते.”

“कुणाला कळणार? लेबर ऑफिसरला? मावशी, तुझ्या चुकीने बावन्न माणसं धुळीतून बाहेर निघतात आणि तुझ्या बरोबर गणिताने परत आत जातात. तूच सांग, डॉक्टरने काय करावं?”

“उद्या त्यांनी त्यांच्या कचेरीतल्या कारकुनाला फुंकायला लावलं आणि तोही नापास निघाला तर? मग नऊही जातील.”

“हे तुझं कारण आहे की सबब?”

आगाऊ आहे. पण प्रश्न खोटा नव्हता. मला चुकीचा आकडा सोसत नाही, हेच खरं कारण असेल. एवढ्यावर माणसांचा निकाल लावावा का, मला माहीत नाही. यादी मात्र नऊचीच लिहिली.

शनिवार, ७ डिसेंबर

यादी गेली. नऊही जण आजपासून गोदामात. लेबर ऑफिसरांनी बाकीच्या सत्त्याऐंशी नावांपुढे ‘नॉर्मल’ असा शिक्का मारून कागद कार्डिंगच्या दारावर लावला. तो शब्द आम्ही दिलेला नव्हता.

बसलिंगप्पा पेढे घेऊन आला.

“पास झालो, अक्का! रागाच्या भरात बोललो, पोटात ठेवू नका.”

मी म्हटलं, “बसलिंगप्पा, पट्ट्याच्या आत असणं म्हणजे पास नव्हे. तुझ्यासारख्या शंभर माणसांत पंचाण्णवजण जिथे असतील त्या जागेत तू आहेस, एवढंच. तू आधी कुठे होतास ते त्यात लिहिलेलं नाही.”

“कुटं होतो म्हंजे? हितंच होतो की, बाळीवेशीत!”

हसला, पेढा हातावर ठेवला आणि गेला. अंगणापासून फाटकापर्यंत वीस पावलं आहेत. फाटकाशी कठडा धरून जरा उभा राहिला. बहुधा चप्पल नीट करत असावा.

बुधवार, ११ डिसेंबर

नागम्मा बोलत नाही. भाकऱ्या करते आणि जाते. आज जाताना म्हणाली, “आमच्या घराला चौदा पायऱ्या हायत. सातव्यावर थांबतंय. मला म्हणतंय, किल्ली शोधतोय. किल्ली माझ्या कमरेला असती.”

गुरुवार, १९ डिसेंबर

आठवडाभर एकच विचार. माझा पहिला पट्टा चूक नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

बसलिंगप्पा आजारी आहे का, हे तो सांगू शकत नाही. पण खात्याचं काय? शहाण्णवजणांचे आकडे आणि त्यांचे अपेक्षित आकडे, दोन्हींची सरासरी काढली. खातं धड असतं तर दोन्ही जवळपास सारख्या निघाल्या असत्या, कुणी खाली कुणी वर, शेवटी फिटंफाट. तसं झालेलं नाही. सगळं खातंच रेघेच्या तीस शतांश खाली बसलंय. सरासरीच्या बारीक पट्ट्यात बघितलं तर एवढी घसरण योगायोगाने होणं शक्य नाही.

म्हणजे रुंद पट्टा म्हणतो: ह्या माणसाला धुळीने बिघडवलं असं मी ठरवू शकत नाही. बारीक पट्टा म्हणतो: ह्या माणसांना बिघडवलंय. कुणाला, ते नाव मागू नका. दोन्ही एकाच वेळी खरं.

पंचाक्षरीला चिठ्ठी पाठवली. उलट निरोप आला: ‘शाबास. पण सरासरीला गोदामात कसं हलवायचं?’

रविवार, २२ डिसेंबर

पंचाक्षरी जेवायला आला. शेंगाचटणी वाढताना मी म्हटलं, “बसलिंगप्पाला कारकुनांशी ताडून उपयोग नाही. वीस वर्षं काठी पेलणारा माणूस आधी साडेतीन फुंकत असेल, चारही. तिथून घसरून अडीचवर आला तरी पट्ट्याच्या आतच. त्याला त्याच्याशीच ताडायला हवं. पण आधीचा आकडा आपल्याकडे नाही.”

तो जेवायचा थांबला. “एक रस्ता आहे. मावशी, ह्या रोगाची एक तऱ्हा आहे. रविवारी सुट्टी असली की छाती मोकळी होते. सोमवारी पुन्हा धुळीत गेलं की त्याच संध्याकाळी आवळून येते. मंगळवारनंतर थोडी सवय होते. निदान सुरुवातीची काही वर्षं असंच चालतं. लोकांना वाटतं, सोमवारचा कंटाळा.”

मी चटणीची वाटी खाली ठेवली.

“तेव्हा सोमवारी पाळीच्या आधी मोजायचं,” तो सांगत होता, “आणि पाळी सुटल्यावर पुन्हा. तोच माणूस, तीच उंची, तेच वय. रेघच नको. धड माणसाच्या दोन फुंकरींत फार तर दहा शतांशाचा फरक पडतो. मावशी, ऐकतेयस ना?”

“ऐकतेय. तू भात घे.”

तो गेल्यावर पेन्सिलींना टोकं केली. सगळ्या सहाही.

सोमवार, २३ डिसेंबर

ह्यांची उंची एकशे अडुसष्ट सेंटिमीटर, गेले तेव्हा वय एकोणपन्नास. अपेक्षित आकडा दोन पूर्णांक सत्त्याऐंशी. एका माणसाचा पट्टा एक पूर्णांक सत्त्याण्णव ते तीन पूर्णांक सत्त्याहत्तर.

मोजलेला आकडा नाही. त्यामुळे पुढे काही करता येत नाही.

सोमवार, ३० डिसेंबर

गिरणीतून दहाजण यायला तयार झाले. बसलिंगप्पा नव्हता त्यात. नागम्माने सकाळी साडेसहाला त्याला दवाखान्याच्या दारात आणून उभं केलं.

“मी पास झालोय की!” तो म्हणत होता.

“मग परत पास व्हा,” नागम्मा म्हणाली. “पासाला काय भ्यायचंय?”

सकाळी दोन पूर्णांक पन्नास. पाळी सुटल्यावर पावणेचारला, कपड्यांवर कापसाचं तूस घेऊन, दोन पूर्णांक पाच शतांश. पंचाक्षरीने तीनदा फुंकायला लावलं. तीनही वेळा तेवढंच. अकरापैकी सातजण असे उतरले.

मी त्याला कोऱ्या कागदावर दोनच ठिपके काढून दाखवले. रेघ नाही, पट्टा नाही.

“हा सकाळचा बसलिंगप्पा, हा आताचा. कारकून नाहीत, हमाल नाहीत. तूच दोन्हीकडे.”

“म्हंजे मीच मला हरतोय व्हय?”

“धुळीत गेल्यावर हरतोयस.”

त्याने कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाला, “काठीचा सराव रविवारी असतंय, अक्का. मी सोमवारी कधी पेललीच न्हाई.”

शुक्रवार, ३ जानेवारी १९७५

लेबर ऑफिसर पंचाक्षरीच्या दवाखान्यात आले होते. मीही होते. सभ्य गृहस्थ, अगदी मऊ बोलणं.

“बाई, तुम्हीच पट्टा आखलात. आत तो नॉर्मल, बाहेर तो ॲबनॉर्मल. आता आतल्यांनाही हलवा म्हणता. मग पट्टा कशाला?”

“बाहेर असलेल्याबद्दल संशय घ्यायला तो पुरतो. आतल्याला निर्दोष म्हणायला पुरत नाही.”

“माझ्या फॉर्मात दोनच रकाने आहेत.”

“मग फॉर्म चुकलाय,” पंचाक्षरी म्हणाला. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

शेवटी एवढं मान्य झालं: सातजणांपैकी ज्याला हलायचं असेल त्याने स्वतः लेखी अर्ज करावा, त्याला सोमवारचे दोन्ही आकडे जोडावेत, अर्ज वीस जानेवारीच्या आत यावा. धूळ ओढून घ्यायचे पंखे, कापूस दमट ठेवणं वगैरे खात्याच्या सुधारणेबद्दल त्यांनी ‘वरती कळवतो’ म्हटलं. वरती म्हणजे कुठे, ते विचारायचं राहून गेलं.

रविवार, ५ जानेवारी

सहाजणांचे अर्ज आले. सातवा बसलिंगप्पा.

आज तो सरावाहून तसाच आला. पांढरी बाराबंदी, कपाळाला भस्म. बाकावर बसला. अर्ज मी मराठीत लिहिला, त्याला वाचून दाखवला.

“अर्ज दिला की नाव दारावर लागणार?”

“लागेल.”

“गड्ड्याआधी?”

“तू कधी देतोस त्यावर आहे.”

“यंदा तेवढी पेलतो की, अक्का. गड्ड्यात गिरणी बंद, धूळ न्हाई. पेलल्यावर कुणी काय म्हणंना. मग देतो.”

नागम्मा दारात उभी होती. “मग म्हंजे कवा? पुढच्या गड्ड्याला पण सरावच असंल.”

“तू गप गं.”

“गपच हाय वीस वर्षं.”

त्याने कन्नडमध्ये सही केली, गोल मोठ्या अक्षरांत. तारखेची जागा तशीच ठेवली आणि लेखणी माझ्याकडे परत दिली. “ही टाकतो मी.”

मला त्याला दटावायला हवं होतं का? तेहेतीस वर्षं मुलींना दटावलं. पण वीस वर्षं पेललेल्या गोष्टीच्या बदल्यात मी त्याला दोन ठिपके देत होते. आणि पुढे काय होईल हे ठिपकेही सांगत नाहीत. अशी उतरणारी सगळी माणसं बिघडतातच असं नाही, पंचाक्षरीने स्वतः कबूल केलं. पुष्कळजण बिघडतात, तो कितवा, ते कळत नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

उद्या सकाळच्या गाडीने मिरज. डोळ्यांवर पट्टी निदान तीन आठवडे, मग जाड भिंगाचा चष्मा होईपर्यंत वाचन नाही. तेव्हा पंचाक्षरी, हे तुझ्यासाठी लिहून ठेवतेय. ह्या पानाच्या मागची पानं वाचायची नाहीत. वाचलीस तर चुका दाखवायच्या नाहीत.

गणकयंत्र ज्यांचं त्यांना परत. त्याचा दांडा सैल झालाय, ते आपल्याकडूनच झालं असं सांगायचं.

रुंद पट्ट्याचा आलेख लेबर ऑफिसरांना. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘आत असणे म्हणजे निरोगी असल्याचा दाखला नव्हे.’ त्यांनी ते वाचलं असं त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कागद हातातून सोडू नकोस.

बारीक पट्ट्याचा, खात्याच्या सरासरीचा आलेख सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरांना, रजिस्टर पोस्टाने. त्यात एकाही माणसाचं नाव नाही, मुद्दाम नाही. कुणाला हलवायचं हे त्यांना विचारायचं नाही. खोलीतली हवा कधी बदलणार, तेवढंच विचारायचं. एकसष्टची चुकीची यादी नावं गाळून बरोबर जोडायची आणि ती का चुकली तेही लिहायचं. मसुदा खणात आहे.

शहाण्णव चिठ्ठ्या केल्यात, चपलांच्या खोक्यात आहेत. प्रत्येकावर एक नाव, एक तारीख, एक आकडा, बस. अपेक्षित आकडा घातलेला नाही, तो त्यांचा नव्हे. ज्याची त्याने घ्यायची, मुकादमाच्या हाती गठ्ठा द्यायचा नाही. जपून ठेव म्हणावं. पुढच्या वर्षी त्याला ताडायला दुसरं काही लागणार नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आकडा तोंडी सांग, त्यांच्या भाषेत. येडूलाही एक चिठ्ठी दे. तो रेघेची वाट बघत होता. पास-नापास असं काही नसतं, हे त्याला चहा पाजून सांग.

सहा अर्ज उद्याच दे.

सातवा निळ्या पाकिटात आहे. गड्डा उरकला की सतरा तारखेला बसलिंगप्पाच्या घरी जाऊन त्याच्याच हातात द्यायचा, आणि बरोबर लेखणी न्यायची. त्याने तारीख टाकली तर तिथूनच लेबर ऑफिसरांकडे जा. नाही टाकली तर पाकीट त्याच्याकडेच राहू दे. तू टाकायची नाहीस आणि नागम्मालाही टाकू द्यायची नाही, तिने कितीही सांगितलं तरी.

त्यानंतरच्या सोमवारी मात्र त्याला फुंकायला बोलव. सकाळी एकदा आणि पाळी सुटल्यावर एकदा. तारीख असो की नसो.